भृंगराजाची शीळ

अंजनगावाजवळून,
वैशाख शुद्ध पक्ष, शके १७८६

माझ्या प्रिय वच्छे,

हे अक्षर ओळखलंस का? कितीतरी वर्षांत मी हातात बोरू धरला नव्हता. शाई घरीच केली, काजळाची आणि डिंकाची. ती जरा पातळ झाली आहे, तेव्हा कुठे अक्षर फुटलं तर जुळवून वाच. ऋद्धपूरच्या मावशीने मला बाळबोध शिकवली तेव्हा गाव हसायचं, कुणब्याच्या पोरीला अक्षरं काय वावरात पेरायची आहेत म्हणून. मावशी महानुभाव पंथातली, संन्यास घेतलेली. तिला कुणाच्या हसण्याचं काही वाटायचं नाही. "कवा ना कवा उपेगी पडतीन," एवढंच म्हणायची. मग मी तुला शिकवली. चुलीपुढच्या राखेत तू 'व' काढायचीस आणि त्याचं पोट नेहमी उलट्या बाजूला जायचं.

माघात मी तुला न्यायला आले होते ते सारखं डोळ्यांपुढे येतं. तुझ्या सासूबाईंनी गूळपाणी दिलं, विचारपूस केली, वाईट काहीच बोलल्या नाहीत. तू आतल्या दाराशी उभी होतीस, पदर नाकापर्यंत ओढलेला. मला तुझे फक्त पाय दिसले, जोडवी काढलेली बोटं. चार दिवस पोरीला पाठवा म्हटलं तर महादेवराव व्याही म्हणाले, "आमच्या घरी काय कमी हाये तिले? सून घरची, घरीच राहीन." मी तुझ्याकडे पाहिलं, तू खाली पाहिलंस, आणि मी उठले. परतीच्या वाटेवर अमरावतीपासून घरापर्यंत मी गाडीत मागे तोंड करून वाटेकडे बघत बसले. तुझ्या काकांनी गाडी हाकली. फक्त एकदा थांबून बैलांना पाणी दाखवलं आणि माझ्यापुढे ओंजळभर बोरं ठेवली.

इकडची हकीकत म्हणशील तर बरी आहे. औंदा सगळ्या गावाने कापूसच पेरला. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली आणि आपल्या काळ्या मातीला भाव आला. ज्याच्या घरी धड पितळी नव्हती त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आहेत. पण ज्वारी विकत आणावी लागते, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तुझ्या काकांनी हट्टाने अर्धं वावर ज्वारीचं ठेवलं, तर लोक त्यांना वेडा म्हणतात. तांबू गाय व्याली. गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा टिळा आहे. आंबा यंदा बरा धरलाय. उन्हाने गाविलगडचा डोंगर सगळा तपकिरी दिसतो, साग उघडाबोडका झालाय, फक्त दरीच्या घळीत एक हिरवी रेघ आहे. त्या रेघेबद्दलच मला तुला सांगायचं आहे.

लहानपणी तू विचारायचीस, माय, आपल्या अंगणात पिंजरा होता ना गं? तुला धूसर काही आठवायचं, बांबूच्या कामट्या आणि एक काळं पाखरू. मी दुसरं काहीतरी बोलायला लागायची. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण सांगायला बसले तर हातातलं काम पडून राहील असं वाटायचं. आज काम नाही. घरात कुणी नाही. सांगते.

तुझे बा, म्हणजे नत्थुजी. तोंडाने मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही, कागदावर लिहिलं तर काय बिघडतं? शेतीची कामं आटोपली की ते गाडी घेऊन डोंगरात जायचे, बांबू आणायला. तेव्हा मोगलाई होती, कापसाला असा भाव नव्हता आणि उन्हाळ्यात हाताला काहीतरी लागायचं. एका ज्येष्ठात, वादळ होऊन गेल्यावर, ते पागोट्याच्या टोकात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. तुझ्या आजीने पाहिलं आणि म्हणाली, "हे कावळ्याचं पिल्लू काहून आणलं घरात?" ते म्हणाले, "कावळा नोहे माय, भृंगराज हाये. याले शेपूट फुटू दे, मंग पाह्य." घरटं फांदीसकट मोडून पडलं होतं, बाकीची पिल्लं मेली होती, याला मुंग्या लागल्या होत्या. म्हणून उचललं.

तू भृंगराज कधी पाहिला नाहीस. शेतात, गावात तो येत नाही, उन्हातल्या सागातही राहत नाही. तुझे बा सांगायचे, डोंगराची घळ जिथे इतकी खोल होते की दुपारीच काय ते ऊन जमिनीला लागतं, जिथे आंबा, जांभूळ, उंबर, कहू एकमेकांत डोकी घालून उभे असतात आणि दगडाच्या कुंडात उन्हाळाभर पाणी राहतं, तिथे तो असतो. सगळ्या पाखरांच्या आधी जागा होतो आणि सगळ्यांच्या नंतर झोपतो. सुतारपक्षी खोड ठोकत चालले की हा त्यांच्या मागोमाग, कारण ठोकण्याने उडालेले किडे याला आयते मिळतात. आणि वात्रट असा की शिकरा ससाण्याची हाक हुबेहूब काढतो. बाकीची पाखरं घाबरून उडाली की त्यांच्या तोंडचा घास हा पळवतो. हे सांगताना तुझे बा इतके हसायचे की गाडी हाकताना स्वतःच असं काही करत असावेत असं वाटावं.

शेपूट खरंच फुटलं. अंग काळं, उन्हात निळं चमकणारं, कपाळावर वळलेला तुरा, आणि शेपटातून निघालेल्या दोन लांब तारा, टोकाला पिसाचं एकेक पिळलेलं पान. अंगणात मोकळा सोडला की तो उडायचा आणि त्याच्या मागे दोन भुंगे लागलेत असं दिसायचं. तू तेव्हा रांगत होतीस, त्या भुंग्यांच्या मागे तूही. तो शिकला तरी किती! कोंबडीचा आवाज, शेजारच्या कुत्र्याचं कुईकुई, वंगण न घातलेल्या आसाची किरकिर, आणि तुझ्या बाची शीळ. विहिरीपाशी वळण घेतलं की ते शीळ घालायचे, दोन सूर वर, एक खाली. म्हणजे मी आलो, पाणी ठेव. लग्न झाल्यापासूनची ती आमची खूण होती. चारचौघांत नवरा बायकोला हाक मारत नाही, म्हणून शीळ.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता ते डोंगरातून तापच घेऊन आले. डोंगराचा ताप कसा असतो तुला माहीत आहे. ते गेले तेव्हा तू नुकती चालायला लागली होतीस.

सुतक फिटून गेलं होतं. दिवेलागणीला मी भाकरी थापत होते आणि विहिरीच्या बाजूने शीळ आली. दोन सूर वर, एक खाली. पिठाच्या हातांनी मी फाटकापर्यंत धावले. वाटेवर कुणी नव्हतं. शीळ पुन्हा आली ती माझ्या पाठीमागून, पिंजऱ्यातून. तुझी आजी पदरात तोंड घालून रडली आणि तिने पिंजऱ्यावर घोंगडी टाकली. ती झोपली की मी घोंगडी काढायची. पुढे पुढे आजीनेही टाकणं सोडलं. रोज दिवेलागणीला तो शीळ घालायचा, रोज मी पाणी ठेवायची. कशासाठी, ते विचारू नकोस. इथवरही ठीक होतं, वच्छे. पण तू मोठी व्हायला लागलीस आणि शीळ ऐकली की तू फाटकाकडे धावायचीस. "बा आले!" म्हणायचीस, फाटकाच्या आडव्या दांड्याला धरून उभी राहायचीस आणि वाट बघायचीस. मी तुला उचलून आणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्याच सुमारास तुझे काका आमचं वावर बटाईने करायला लागले. पुंजाराम. हेही नाव कागदावरच. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. त्यांनी पाटलाच्या म्हाताऱ्या आईच्या हाती निरोप पाठवला, पाट लावायचा का म्हणून. आपल्यात विधवेचा पाट लागतो, कुणी नाव ठेवत नव्हतं. तुझी आजी तर उलट मला समजावत होती. पण मी निरोप पाठवला की ज्या घरात माझा नवरा रोज संध्याकाळी शीळ घालतो त्या घरातून मी कुठे जाऊ? हे ऐकून कुणीही हसलं असतं. ते दुसऱ्या दिवशी आले, फाटकाबाहेरच उभे राहिले आणि विचारलं, "काय खाते ते पाखरू?" मी म्हटलं, टोळ खातं, किडे खातं. "बरं," म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून रोज वावरातून येताना पळसाच्या पानाच्या पुडीत टोळ यायला लागले. पुडी फाटकावर ठेवायची आणि जायचं. पाट नाही, निरोप नाही, टोळ. आता सांगते तर तुझे काका लाजतात.

मग तिसरा उन्हाळा आला आणि पाखरू बदललं. शीळ कमी झाली. कामट्यांवर अंग आपटायचा, शेपटाच्या दोन्ही तारा मोडल्या, कपाळावरचा तुरा झडला. आणि एक विचित्र खेळ तो करायचा. आंब्याचं वाळलेलं पान पिंजऱ्यात पडलं असेल ते चोचीत घेऊन सगळ्यात वरच्या काडीवर जायचा, पान सोडायचा आणि झेप घ्यायचा. पण पिंजरा तो केवढा? पान लगेच तळाला. तो वाकून पानाकडे पाहत बसायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा सोडायचा. मला वाटलं, याला वेड लागलं.

एलिचपूरचे अब्दुल रहीम पाखरं विकत घेत गावोगाव फिरायचे. भृंगराजाला ते भीमराज म्हणत. माणसाचा आवाज काढणारा भीमराज आहे हे कानावर आलं म्हणून ते आमच्याकडे आले. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहिले. शीळ झाली, तू फाटकाकडे धावलीस, आणि त्यांनी काय ते ओळखलं. थैली पुन्हा कमरेला खोचत म्हणाले, "बाई, ये आवाज मैं नहीं लेता. पर इसके जोड़े का मौसम है. अंदर रखोगी तो सर पटक के मर जाएगा." ते गेल्यावर मी पुष्कळ वेळ पिंजऱ्यापुढे बसले. सोडलं तर शीळ जाईल. ठेवलं तर पाखरूच जाईल. शीळ जाणार ती जाणारच होती. हे कळत होतं तरी हात उठत नव्हता.

मी कुणाला काही बोलले नाही, पण टोळांची पुडी ठेवताना तुझ्या काकांनी मोडलेलं शेपूट पाहिलं होतं. ते म्हणाले, "सोडू नका. नुसतं त्याचं रान त्याले दाखवून आनू. नाई पटलं तर वापस आनू." परत आणायचं ठरलं म्हणून मी तयार झाले. आजीलाही गाडीत घातलं. पहाटे निघालो, डोंगराच्या पायथ्याशी गाडी सोडली, आजी बैलांपाशी थांबली. तू काकांच्या खांद्यावर, पिंजरा माझ्या डोक्यावर. तापलेल्या सागातून वर चढताना पायांखाली वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती. मग वाट घळीत उतरली आणि एकदम गार झालं. दुसऱ्याच मुलखात आल्यासारखं. जांभळांची दाट सावली, दगडांवर शेवाळ, पाण्याचा बारीक आवाज. पिंजऱ्यातलं पाखरू असं गप्प झालं की मी दोनदा वाकून पाहिलं, जिवंत आहे ना म्हणून.

कुंडाच्या वर एक वठलेली फांदी होती. तिथे दोन भृंगराज आले. वच्छे, मी तुला हे सांगू कसं? एक जण फांदीवर उड्या मारत गिरकी घ्यायचा, डावीकडे तोंड, उजवीकडे तोंड, तुरा उभा, शेपटाच्या तारा हलताहेत. आणि गळ्यातून एकामागून एक आवाज काढायचा. सातभाईंचा कलकलाट, शिकऱ्याची हाक, कुठल्या कुठल्या पाखरांची बोली, सगळं रान एकट्याच्या गळ्यात. दुसरा नुसता बसलेला. पिसं साफ करतोय, जसं काही ऐकूच येत नाही. मग पहिल्याने झाडाचं एक पान चोचीत घेतलं, उंच गेला आणि पान सोडून दिलं. पान फिरत फिरत खाली येत होतं, आणि हा पंख मिटून त्याच्यामागे दगडासारखा कोसळला. पाण्याला पान टेकणार एवढ्यात वरच्यावर झेललं. पुन्हा वर. पुन्हा सोडलं, पुन्हा झेललं. दुसरा उठला आणि लांबच्या झाडावर जाऊन बसला. मला वाटलं, संपलं. पण पहिला त्याच्या मागे लागला नाही. जवळच्या फांदीवर येऊन थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा पान घेतलं, पुन्हा सोडलं. या खेपेला ते पान झेललं दुसऱ्याने.

तेव्हा मला पिंजऱ्यातलं ते पान कळलं. वेड नव्हतं ते. त्याला झेप घ्यायला उंचीच मिळत नव्हती.

मी तुझ्या काकांना विचारलं, यात नर कोणता? दोघंही सारखेच काळे, दोघांनाही तुरा, दोघांनाही तारा. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कोन नर अन् कोन मादी, त्याईचं त्याईलेच ठाऊक." मला हसू आलं. तुझे बा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिथे.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच उघडलं. तो दारात येऊन बसला. बाहेर येईना. मग त्याने शीळ घातली. तुझ्या बाची शीळ, त्या घळीत. कदाचित बांबू तोडून झाल्यावर याच कुंडावर पाणी पिताना तुझ्या बांनीही ती घातली असेल. वरचे दोघे गप्प झाले. तो उडाला, वेडावाकडा, मोडक्या शेपटाने, जांभळाच्या फांदीवर धडपडला. तिथून पुढच्या झाडावर. मग सावलीत काळ्यात काळं मिसळलं आणि मला दिसेनासा झाला. तो जगला की नाही, त्याला जोडीदार मिळाला की नाही, मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू? पिंजऱ्यातलं पाखरू, रानात टिकलं नसेलही.

मी दगडावर बसून रडले. आजवर रडले नव्हते तेवढं. तुझे काका माझ्याजवळ आले नाहीत, समजूत घातली नाही, पाणी पुढे केलं नाही. तुला घेऊन कुंडाच्या पार पलीकडच्या कडेला गेले आणि तुला मासे दाखवत बसले. तुझं हसणं मला ऐकू येत होतं. माझं पुरतं रडून झालं, मी तोंड धुतलं, तेव्हाच ते उठले. घरी येताना रिकामा पिंजरा कुणी उचलला आणि कुठे ठेवला हे मला आजतागायत माहीत नाही.

त्यानंतर अख्खा पावसाळा गेला. पाखरू नव्हतं, टोळांची पुडी बंद झाली, आणि त्यांनी एका शब्दाने पुन्हा विचारलं नाही. आणि मला भीती होती तसं काही झालं नाही. मला वाटायचं, शीळ गेली की तुझे बाही घरातून पुसले जातील. झालं उलटंच. शीळ होती तोवर मला त्यांची शीळच तेवढी आठवायची. ती थांबली आणि हळूहळू बाकीचं परत आलं. ते पालीला घाबरायचे. कांदा बुक्कीने फोडायचे आणि डोळ्यांत पाणी आलं की माझ्यावर रागवायचे. तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा, "केवढीशी हाये हे, खाली ठेवू का?" म्हणाले. पूर्ण माणूस परत आला. कार्तिकात मीच पाटलाच्या म्हाताऱ्या आईकडे गेले आणि पाटाला हो म्हणून निरोप दिला. मी तुझ्या बांना विसरले म्हणून नाही, वच्छे. विसरणार नाही हे कळलं म्हणून.

आता तुझं. खुशालराव मला फार आवडायचे. जावई म्हणून ताठा नाही, आले की आधी गोठ्यात जायचे. कापसाच्या गाड्या घेऊन आगगाडीचे रूळ संपतात त्या टोकाकडे निघाले आणि अकोल्याजवळ पटकीने गाठलं, एवढंच तुला ठाऊक आहे. बाकीचे गाडीवाले भिऊन पुढे निघून गेले. एकटा थांबला तो देवीदास, अकोल्याच्या जुन्या शहरातला, ज्याने तुमच्या ओसरीवर येऊन खुशालरावांचं पागोटं दिलं तो. त्याने त्यांना मोर्णा नदीपलीकडे आपल्या घरी नेलं, त्याच्या आईने त्यांच्या तोंडात पाणी घातलं. शेवटपर्यंत तो उशाशी होता. हे तुला कुणी सांगितलं का? त्यानंतर अमरावतीला गाड्या आल्या की तो दर खेपेला तुमच्या ओसरीवर येतो, तुझ्यासाठीचे चार शब्द त्याच्याजवळ आहेत म्हणतो, आणि दर खेपेला त्याला बाहेरून परत पाठवतात.

तुझ्या सासूसासऱ्यांना मी वाईट म्हणत नाही. महादेवरावांच्या सख्ख्या बहिणीचा पाट लागला होता, त्या मांडवात ते स्वतः वाढत होते. आता घरात पैसा आला आणि मोठ्या घरच्या सुना पाट लावत नाहीत असं त्यांना कुणीतरी शिकवलं. पण खरं कारण तेही नाही. मी तुझ्या सासूबाईंचे डोळे पाहिले. तू घरात आहेस तोवर त्यांचा मुलगा थोडा तरी घरात आहे असं त्यांना वाटतं. मला हे कळतं, माझ्याइतकं कुणाला कळणार? म्हणून माघात मला भांडता आलं नाही.

फाल्गुनात देवीदास आपल्या घरी आला. तुझ्या काकांपुढे बसला, पुष्कळ वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला आणि मग म्हणाला, "मी तिचं तोंडबी नाई पाह्यलं. पन खुशालराव शेवटपावतर तिचंच बोलत होते. तिले अंबाडीची भाजी आवडते. गाणं म्हनताना चुकते, मंग तिचं तिलेच हसू येते. ते सारं ऐकलं, अन् आता माह्या मनातून जाईना." त्याचं लग्न झालेलं नाही. बिनलग्नाच्या मुलाची रीत असते त्याप्रमाणे आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावून मग पाट लावायला त्याची आईही तयार आहे. तुझे काका म्हणाले, आम्ही हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, जिचं आहे तिला विचारू.

हे पत्र त्यासाठीच लिहिलं. तुझे काका ते तुझ्या हातात देतील आणि ओसरीवर बसतील. गाडी परकोटाच्या अंबा दरवाजाबाहेर सोडलेली असेल, तिच्यात गवताची गादी घातली आहे, वर चादर बांधली आहे. चोरून काही करायचं नाही. ते व्याह्यांना समोरासमोर सांगतील की लेक न्यायला आलो. महादेवराव म्हणतील, सून नाही येत. मग तुझे काका तुला सगळ्यांदेखत विचारतील, वच्छे, येतं का तू? मी मुद्दाम येत नाही. मी आले तर तू माझ्या तोंडाकडे बघून बोलशील. आलीस म्हणजे देवीदासला हो म्हटलंस असं नाही. माहेरी ये, झोप, तांबूचा गोऱ्हा बघ. खुशालरावांचे ते चार शब्द त्याच्या तोंडून ऐक, ते तुझेच आहेत, पाट लाव किंवा नको लावू. आणि तुला त्याच घरात राहायचं असेल, सासूबाईंपाशी, तर तसं सांग. तुझे काका रिकामी गाडी घेऊन परत येतील, मी त्यांना जेवायला वाढीन, आणि तुझ्यावर कुणी रागावणार नाही. मला एवढंच हवं आहे की या खेपेला खाली बघू नकोस. पदर वर कर, आणि जे काय सांगायचं असेल ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.

तुझीच,
माय